चिऱ्यावरच्या चौदा रेघा

आमच्या ह्यांचं नाव दीपक. पालीच्या आसपास पाच-सहा गावांत कुठेही जांभ्याच्या चिऱ्याची सरळ भिंत दिसली, तर खुशाल विचारा कुणी बांधली. दहातल्या सात वेळा ह्यांचंच नाव निघेल. उरलेल्या तीन नीट बघा, कुठेतरी पोट सुटलेलं असेल. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायला बसले तर तक्रारीच जास्त निघतील.

दोन वर्षांपूर्वी, सदतिसाव्या वर्षी, हा माणूस एक चिरा खांद्यावर घेऊन परांचीवर चढला आणि वर जाऊन मटकन बसला. घरी येऊन म्हणाला, पित्त आहे. ते पित्त दोन महिने चाललं. शेवटी मी भांडून त्यांना रत्नागिरीला नेलं, तिथून मुंबईला पाठवलं, आणि कळलं की हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या झडपेला तीन पाकळ्या लागतात, ह्यांना जन्मापासून दोनच. त्या आता कडक झाल्या होत्या. झडप बदलणं भाग होतं.

मुंबईच्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. धातूची झडप बहुतेक आयुष्यभर टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, कायमची, आणि वरचेवर रक्ततपासणी. जनावराच्या ऊतीपासून केलेली घेतली तर ती कायमची गोळी नको, पण तरुण माणसात ती लवकर झिजते, दहा-पंधरा वर्षांत पुन्हा बदलावी लागते. तिसरा एक मार्ग असतो. आपलीच फुप्फुसाकडची झडप काढून इकडे बसवायची आणि तिच्या जागी दात्याची. पण ह्यांची मोठी रक्तवाहिनी फुगलेली, त्यामुळे तो त्यांनी ह्यांच्यासाठी बाजूला ठेवला. ह्या वयात बहुतेकांना आम्ही धातूची सुचवतो, म्हणाल्या, पण कामधंदा बघून ठरवू. मग ह्यांना विचारलं, कामात हाताला किती लागतं?

हे म्हणाले, "लागत नाही."

माझं डोकंच फिरलं. घरात हळदीचा डबा महिन्याला संपतो तो काय मी आमटीत ओतते? पण चारचौघांत गप्प बसले. पंधरा दिवसांनी निर्णय सांगायला या म्हणाल्या. घरी आल्यावर हे सांगूनसुद्धा ऐकेनात, बसून का होईना चिरे तासतच होते. परसात ज्या चिऱ्यावर बसून हात धुतात, त्याच्यावर मी रोज संध्याकाळी खिळ्याने रेघ ओढायला लागले. जितक्या वेळा रक्त, तितक्या रेघा. बारा दिवसांत चौदा झाल्या. मोबाईलवर फोटो काढला आणि पुन्हा मुंबई गाठली.

आता खरं सांगते. मला धातूचीच हवी होती. एकदा छाती उघडली की पुन्हा नको, एवढंच मला कळत होतं. माझा दीर केतन मुंबईलाच असतो, त्याचंही तेच. त्याने तर सोसायटीत दादासाठी वॉचमनची नोकरीसुद्धा बघून ठेवली होती. तरी फोटो दाखवला मीच. खोटं बोलून झडप घ्यायची नाही म्हणजे नाही.

डॉक्टरबाईंनी रेघा मोजल्या. म्हणाल्या, गोळी चालू असली तरी बोटाचं रक्त दाबून धरलं की थांबतं, जरा उशिराने. भीती त्याची नाही. उंचावरून पडून डोक्याला मार लागला तर आत रक्तस्राव होईल, भीती ती आहे. आजवर किती वेळा पडलात? हे छताकडे बघत बसले. पाच वर्षांत दोनदा, असं मीच सांगितलं.

"मग गोळी चालू असताना परांचीवर चढू नका, असंच मी सांगेन," त्या म्हणाल्या.

माझ्याच रेघांनी माझंच म्हणणं आडवं केलं. ह्यांनी तिथल्या तिथे ऊतीची झडप मागितली. बाहेर येऊन मी कडाकडा भांडले. बारा वर्षांनी पुन्हा छाती फाडून घेणार? आपली लेक सानवी तेव्हा वीस वर्षांची असेल, तिला काय सांगू? बरोबर आलेला केतनही तोंड फिरवून उभा राहिला.

हे शांतपणे म्हणाले, "कौलं दर वर्षी चाळावी लागतात म्हणून आपण घर सोडतो काय गो? मी काय मागतोय ते मला ठाऊक आहे. दुसऱ्यांदाही त्या टेबलावर मीच झोपणार. पण मधली वर्षं मला ओळंबा हातात हवा, रसिका."

मी रडले. मग फॉर्मवर सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. छातीचं हाड जुळेपर्यंत मी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. सात महिन्यांनी, डॉक्टरबाईंनी परवानगी दिल्यावर, हे गावच्या शाळेची भिंत बांधायला परांचीवर चढले. मी खाली उभी, जीव मुठीत धरून. तासाभरात बोटाला लागलं. ह्यांनी ते फडक्यात दाबलं, वरून ओळंबा सोडला, एक डोळा मिटून भिंत सरळ आहे ना बघितलं आणि पुढचा चिरा मागितला. आवाजात धाप नव्हती. हा माझा नवरा, असं सगळ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटलं मला.

यंदा आमच्या घराला पडवी बांधली. परसातला तो चिरा ह्यांनी दाराशेजारी लावला, चौदा रेघा दिसतील असा. खाली छिन्नीने शस्त्रक्रियेची तारीख कोरली. तिच्या बाजूला तेवढीच जागा गुळगुळीत तासून मोकळी सोडलेली दिसली. विचारलं, ही कशाला? हे हातातली छिन्नी पुसत म्हणाले, दुसऱ्या तारखेसाठी.

मी छिन्नी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"ती मी कोरणार," म्हटलं. "आजपासून शिकवा. तेव्हा अक्षर वाकडं यायला नको."