मधल्या खुर्चीतली भिंगरी

तिचं पाळण्यातलं नाव आता कुणाला आठवतही नाही. घरात आणि कारखान्यात सगळे तिला भिंगरी म्हणायचे, कारण तिला बसलेली अशी फारशी कुणी पाहिलीच नव्हती. फोनवर बोलताना ती खोलीभर फिरायची. जेवताना मीठ आणायला उठायची, आणि मीठ ताटातच असायचं. कधी बसलीच तर गुडघा हलत राहायचा. मग दादा ओरडायचा, "अगं, टेबल थांबव! चहा पितोय की होडीत बसलोय?"

आणि अशा बाईला काम मिळालं ते नेमकं बसून करायचं. बॅगा शिवणाऱ्या एका कारखान्यात ती दुभाषी होती. माल घेणारी कंपनी परदेशातली, मालक इथला, आणि एकाचा शब्द दुसऱ्याला कळत नव्हता. मध्ये एक खुर्ची, खुर्चीत भिंगरी.

मालक फोनवर असा बोलायचा, जणू फोनवर त्याचा विश्वास नाही आणि आवाज समुद्रापार आपणच फेकायचा आहे. "विचार त्यांना! डोकं ठिकाणावर आहे का म्हणावं! काल हिरवा, आज निळा, उद्या काय, पट्टेरी?"

भिंगरी त्यांच्या भाषेत, तोंडात खडीसाखर धरल्यासारखी म्हणायची, "मालक म्हणतात, निळा सुरेखच दिसेल. थोडं आधी कळलं असतं तर आणखी आनंद झाला असता."

पलीकडून त्या कंपनीतल्या बाईचं उत्तर यायचं, कोरडं ठणठणीत. "उशीर चालणार नाही. जमत नसेल तर दुसरे कारखाने आहेत."

"त्या म्हणतात, तुमच्यावरच सगळा भरवसा आहे."

मालक मान ताठ करायचा. "बघितलंस? चार शब्द सुनावले की कसे सुतासारखे सरळ येतात!"

ही खोड लहानपणची. दादा कॉलेजात असताना त्याचं आणि बाबांचं बिनसलं, आणि दोघांनी एकाच घरात राहून बोलणं टाकलं. निरोप्या म्हणून धाकटी भिंगरी. "त्याला सांग, या घरात जेवायचं असेल तर वेळेवर ये म्हणावं." ती धावत दादाकडे. "बाबा म्हणतात, तू आल्याशिवाय त्यांना घास जात नाही." दादा म्हणायचा, "सांग त्यांना, नाटकं पुरे." ती धावत परत. "दादा येतोय, हात धुतोय." घर असं वर्षानुवर्षं टिकलं. कुणी विचारलं नाही, हिनंही सांगितलं नाही. फक्त दोन खोल्यांमध्ये धावायची तिच्या पायांना जी सवय लागली, ती काही सुटली नाही.

त्याच दादाची बायको, म्हणजे वहिनी, कारखान्यात शिलाईच्या हॉलची मुकादम होती. आवाज असा, की मशिनी चालू असतानाही शेवटच्या रांगेला ऐकू जाई. हॉलमधल्या बायकांचं दुखणं एकच होतं. कापड कापून व्हायचं, अर्ध्या बॅगा शिवून व्हायच्या, आणि परदेशातून बदल यायचा. खिसा उजवीकडे घ्या. पट्टा दोन बोटं आखूड करा. मग सगळं उसवा. उसवलं की सुईची भोकं दिसतात, म्हणून वरून पट्टी लावा. आणि हे सगळं सुट्टीच्या दिवशी, कारण माल निघायची तारीख काही हलत नसे. दर वेळी वहिनी केबिनमध्ये येऊन तोंडाचा पट्टा सोडायची, भिंगरी पलीकडे फोन लावायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

"त्यांना काळीज म्हणून काही आहे की नाही गं?" वहिनी घरी कणीक मळता मळता विचारायची. "इतकं सांगते, दगडाला पाझर फुटला असता."

भिंगरी डबा घासत असायची. घासलेलाच डबा.

मग बातमी आली. परदेशातली बाई स्वतः येणार, मोठं काम द्यायला. तिच्या कंपनीत नवा नियम निघाला होता, बैठकीत सगळे समान. मालकानं लगेच लांबडं टेबल काढून गोल टेबल आणलं. टेबल गोल झालं, खुर्च्या मात्र आपापल्या उंचीच्याच राहिल्या. मालकाची चाकांची, उंच पाठीची, वहिनीसाठी हॉलमधलं स्टूल.

आदल्या संध्याकाळी वहिनी म्हणाली, "सगळ्या जणींनी मला पुढे केलंय. उद्या त्या बाईच्या तोंडावर सांगणार. या वेळी ऐकलं नाही तर निम्म्या बायका काम सोडतायत. मीसुद्धा. तू फक्त मी बोलेन तसंच सांग."

"तसंच कसं, वहिनी? बाई चिडली तर काम दुसरीकडे जाईल. मग सगळ्याच घरी."

"ते माझं मी बघेन. तू माझं तोंड हो, डोकं नको होऊस."

भिंगरीनं खिडकी उघडली. लावली. पुन्हा उघडली.

बाई आली ती साध्या चपलांत, हसऱ्या चेहऱ्यानं. बसताच म्हणाली, "इथे कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. मला नावानंच हाक मारा." भिंगरीनं ते सांगितलं. मालक हात जोडून म्हणाला, "सांग, जशी आज्ञा, मॅडम."

मग बाईनं कौतुकाला सुरुवात केली. हा कारखाना तिचा सगळ्यात लाडका. शेवटच्या दिवशी बदल सांगा, कुरकुर नाही, उलट आनंदानं करतात. म्हणूनच मोठं काम यांना. शेवटच्या दिवसापर्यंत बदल चालतील असं आता करारातच घालू.

भिंगरीनं त्यातलं निम्मंच उचललं. "त्या म्हणतात, काम फार आवडलं. मोठं काम देणार."

वहिनी स्टुलावरून उठली. "बाई, तुम्ही आमच्या जिवावर उठलाय. कापड कापून झाल्यावर बदल सांगायचा म्हणजे आमची सुट्टी कापायची. कसाईसुद्धा एकदाच कापतो. तुम्ही दर महिन्याला कापता. हे थांबलं नाही, तर शिवा तुमच्या बॅगा तुम्हीच."

भिंगरी बोलू लागली, आणि जीभ आपल्या जुन्या वाटेनं गेली. "मुकादम म्हणतात, तुम्ही इतक्या दुरून आलात, फार बरं वाटलं. तुमच्या कामात आम्ही जीव ओतला आहे."

बाईनं छातीवर हात ठेवला. डोळ्यांत पाणी. मान डोलावत ती वहिनीकडे बघून हसली.

"वा, चांगलीच समजूतदार आहे!" मालक पुटपुटला.

वहिनी मात्र हसली नाही. ती बाईकडे बघत राहिली, मग सावकाश भिंगरीकडे वळली. "मी हिला कसायाच्या वरताण म्हटलं, आणि ही हसते? भिंगरे, काय सांगितलंस तू हिला?"

"वहिनी, नंतर..."

"आत्ता."

"काय झालं?" बाईनं तिच्या भाषेत विचारलं. दोन्हीकडून प्रश्न, आणि या वेळी धावायला दुसरी खोली नव्हती.

"मी आत्ता जे बोलले ते हिचं नव्हतं," भिंगरी बाईला म्हणाली. "हिचं असं आहे." आणि तिनं सगळं सांगितलं. कापड, सुट्टी, कसाई, शिवा तुमच्या बॅगा तुम्हीच. बाईचा छातीवरचा हात खाली आला.

"हे मला आधी कधीच का नाही सांगितलं?"

भिंगरीनं प्रश्न जसाच्या तसा वहिनीपुढे ठेवला.

"नाही सांगितलं? घसा फुटला माझा सांगून!"

"तिनं दर वेळी सांगितलं," भिंगरी बाईला म्हणाली. "मी पोचवलं नाही." मग तेच वाक्य आपल्या भाषेत वहिनीला. ते जास्त जड गेलं.

मालक खुर्चीतून पुढे झुकला. "म्हणजे मी त्यांना जे सुनावायचो, ते पण..."

"नाही, मालक."

"एकदापण नाही?"

"एकदापण नाही."

मालकाची खुर्ची चाकांवरून आपोआप मागे गेली.

बाईनं कराराचा कागद पुढे ओढला. मग मोजक्या शब्दांत बोलली, आणि भिंगरीनं एक शब्दही न गाळता सांगितलं. "त्या म्हणतात, कापड कापल्यावर बदल सांगितला तर तारीख पुढे जाईल, आणि ते करारात लिहू. कसाई म्हटल्याचा राग आला, पण मुद्दा पटला. आणि म्हणतात, पुढच्या बैठकीला त्या आपला दुभाषी आणतील. हिच्यावर विसंबून चालणार नाही."

"हिच्यावर म्हणजे?" मालकानं विचारलं.

"माझ्यावर."

परतताना वहिनी भराभर चालत होती. नेहमी भिंगरी पुढे आणि वहिनी "हळू गं" म्हणत मागे, आज उलटं. चौकात गाड्यांसाठी थांबावं लागलं.

"ती तारखेचं म्हणाली ते खरंच म्हणाली ना?" वहिनीनं रस्त्याकडे बघत विचारलं. "की तेही मला बरं वाटावं म्हणून?"

"खरंच म्हणाली, वहिनी."

"आणि लग्नानंतर तू येऊन सांगितलं होतंस, मामंजी म्हणाले, सून गुणाची आहे. ते?"

भिंगरीनं तोंड उघडलं. गाड्या थांबल्या, रस्ता मोकळा झाला, मागची माणसं धक्के देऊन पुढे जाऊ लागली. दोघी तिथेच उभ्या होत्या.

"ते बाबा म्हणाले नव्हते," भिंगरी म्हणाली. "काय म्हणाले होते, सांगू?"

"सांग," वहिनी म्हणाली.