बारा मेचा बर्फ

आमचे शेजारी प्रभाकरराव भांड्यांचे दुकानदार. पुलगावात गंज, म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं, घ्यायचा तर त्यांच्याकडूनच, आणि घरी नेल्यावर त्याला पोचा दिसला तर भांडायचंही त्यांच्याशीच. या माणसाने जन्मात एकच मोठी सहल आखली. तीही मजेसाठी नाही, व्याह्याचं नाक कापण्यासाठी.

झालं असं, की २००३ च्या बारा मेला त्यांच्या रीताचं लग्न झालं. ऊन असं, की मांडवातले पंखे गरम वारा फेकत होते. दुसऱ्या पंगतीला मठ्ठ्यातला बर्फ संपला. कारंज्याचे व्याही अण्णाजी पेला घेऊन भर पंगतीत उभे राहिले.

"इवाई, हा मठ्ठा हाय का वरण? पुलगावात बर्फ नाई भेटत का?"

सगळे वऱ्हाडी हसले. मीही हसलो, शेजारधर्म म्हणून.

दिवाळीला अण्णाजींचा फोन आला, "भेटला का बर्फ?" संक्रांतीला पुन्हा तेच. त्या दिवशी प्रभाकररावांनी फोन आपटला आणि ओट्यावर येऊन साऱ्या गल्लीला ऐकवलं, "येत्या बारा मेले मी स्वित्झर्लंडात बर्फावर उभा राहीन. पायाले पट्ट्या बांधून पहाडावरून घसरीन. अन् तो फोटो अण्णाजीच्या बैठकीत नेऊन टांगीन!"

"अहो, तुम्ही न्हाणीत घसरता," मंदाबाई आतून म्हणाल्या.

"तू चिवड्याचं पाह्य."

नागपूरहून रंगीत पुस्तिका आली. लाकडी घरांचं एक जुनं गाव, छपरांवर हातभर बर्फ. प्रभाकररावांनी त्यातलं एक हॉटेल बोट ठेवून पक्कं केलं. पासपोर्टासाठी चकरा झाल्या. मग सराव सुरू झाला. ओळखीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीचा ढीग होता. पायांना दोन फळ्या बांधून प्रभाकरराव त्यावर चढले. पहिल्याच घसरणीत फळ्या वर आणि मालक खाली.

"प्रभाकरभाऊ, याले ब्रेक कुठी हाय?" मी विचारलं.

"तुमच्या तोंडाले लावा तो!"

एप्रिल संपता संपता धाकटी रक्षा सायबर कॅफेतून हॉटेलचं उत्तर घेऊन आली. मे महिन्यात हॉटेल बंद असतं. उतारावरचा बर्फ वितळतो, वर नेणारे पाळणे थांबतात, मागाहून तिथे गाई चरतात. घसरायचं असेल तर जानेवारीत यावं.

आता यात प्रभाकररावांची चूक म्हणावी तर साऱ्या जिल्ह्याची म्हणावी लागेल. ऊन तापलं, शाळांना सुट्ट्या लागल्या, की थंडीकडे पळायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. जानेवारीत बर्फ पाहायला कोण जातो? तेव्हा तर आमच्याच अंगावर दोन रजया असतात.

"मग जानेवारीत जाऊ ना," मंदाबाई म्हणाल्या.

"जानेवारीत जाऊन काय करू? अपमान मे महिन्यातला हाय!"

तिकिटं काढायची तेवढी राहिली होती, ती राहिलीच. ही बातमी त्याच संध्याकाळी कारंज्याला कशी पोचली, याची गल्लीत बरीच चौकशी झाली. मी तर अण्णाजींना फक्त तब्येत विचारायला फोन केला होता.

बारा मेला भर दुपारी प्रभाकररावांच्या दारात जीप थांबली. अण्णाजींनी मागून तरटात गुंडाळलेली, भुसा लावलेली बर्फाची अख्खी लादी उतरवायला लावली आणि उंबऱ्याशी ठेवली. गल्ली गोळा झाली.

"घ्या इवाई, पहाड आणला. आता घसरा!"

मला वाटलं, आज डोकी फुटतात. प्रभाकरराव तडक वळले. आत गेले, लोखंडी बत्ता घेऊन आले आणि लादीवर असे तुटून पडले, की अण्णाजी दोन पावलं मागे सरले. मग मंदाबाईंनी दुकानातला सर्वात मोठा गंज मागवला. कैरीचं पन्हं झालं. पोरासोरांसकट साऱ्या गल्लीला पेले वाटले, पेल्यांत बर्फाचे खडे खणखणत होते. अण्णाजींना मात्र खुर्ची दिली, तबकात नवा कोरा पेला आणला, प्रभाकररावांनी स्वतःच्या हाताने दिला.

अण्णाजींनी घोट घेतला. पन्हं उन्हात ठेवल्यासारखं गरम. त्यांनी पेल्यात वाकून पाहिलं.

"काय पाह्यता, इवाई?" प्रभाकरराव गोड हसले. "पुलगावात बर्फ नाई भेटत."

गल्ली खदखदली. मीही हसत पेला तोंडाला लावला. माझंही पन्हं गरमच होतं.