टर्बोचा नवा पाइप

गाडी ओढत नाही, हे मला दर्यापूरच्या अलीकडे कळलं. दर गुरुवारी मी अमरावतीहून अकोल्याला मोठ्या बहिणीकडे जातो. लोक बडनेऱ्यावरून हायवेनं जातात. मी वलगाव, दर्यापूर असा जातो, कारण हायवेवर मागून येणारा प्रत्येकजण आपल्याला गाडी शिकवायला निघालेला असतो. त्या दिवशी पुढे कापसाची ट्रॉली होती. रस्ता मोकळा पाहून मी गाडी उजवीकडे काढली, पाय पूर्ण दाबला आणि गाडी नुसतीच गुरगुरली. तेवढ्यात समोरून ट्रक आला. ब्रेक मारून मी परत ट्रॉलीमागे आलो. शेजारी बायको होती. तिनं दरवाजावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं, ते अकोला येईपर्यंत सोडलं नाही.

घरी आल्यावर तिनं पुण्यात राहणाऱ्या मुलाला फोनवर सगळं सांगितलं, तेही माझ्यादेखत.

"बाबा, तुम्ही आता बसनं जात जा," मुलगा म्हणाला. "गाडी काढून टाकू."

"बिघाड गाडीत हाय. माह्यात नाही."

शेवटी असं ठरलं की बिघाड दुरुस्त करायचा आणि त्यानंतरही मला ओव्हरटेक जमलं नाही, तर गाडी विकायची. मी ताबडतोब कबूल झालो. माझी खात्रीच होती. बहिणीचे गुडघे गेलेत, रिक्षातही तिला चढता येत नाही. गुरुवारी ती माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसते, अख्खं अकोला हिंडते आणि खाली न उतरता भाजीवाल्यांशी भांडते. गाडी गेली की तिचं बाहेर पडणं संपणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

बिघाड खरंच होता. टर्बो हवा दाबून इंजिनात पाठवतो, म्हणून गाडीला जोर येतो. ती दाबलेली हवा एका जाड रबरी पाइपातून जाते. माझ्या गाडीतला हा पाइप तेलाच्या वाफेनं फुगून मऊ पडला होता आणि वळणावर चिरला होता; तिथून हवा शिट्टी वाजवत निसटायची. मी शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत वाढलेला माणूस. आमच्याकडे फवारणीचा असो की ठिबकचा, कुठलाही पाइप फुटला की सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. मीही गुंडाळली. वलगावपर्यंत टिकली.

मुलानं मग सिलिकॉनचा पाइप मागवायचं ठरवलं. तो रबरापेक्षा जास्त उष्णता सोसतो म्हणे. मी फक्त माप पाठवायचं होतं आणि माप घेणं मला काही नवं नव्हतं. संत्र्यांचा आकार पाहायला वडिलांनी लोखंडी कड्या करून घेतल्या होत्या, त्यातल्या काही अजून माझ्याकडे आहेत. एकेक कडी जुन्या पाइपवर चढवून पाहिली आणि जी घट्ट बसली तिचं माप कळवलं. कुरिअरनं निळाशार, देखणा पाइप आला. बसवायला गेलो तर दुसऱ्याची विजार घातल्यासारखा ढगळ. क्लॅम्प आवळला तर त्याला चुण्या पडल्या.

गुरुवारी तो निळा पाइप मागच्या सीटवर टाकला आणि फाटक्या पाइपावर नवी पट्टी गुंडाळून बायकोसह रखडत अकोला गाठलं. तिथे मोटारींच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. मालक माझ्याच वयाचे, मेहंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी निळ्या पाइपात अख्खी मूठ घालून पाहिली.

"भाऊ, हे माप कुठून घेतलं?"

"भायेरून."

"काहून? हवा भायेरून जाते का?"

बायकोला हसू आवरेना. "संत्र्याचा माणूस हाय," ती म्हणाली. "आत काय हाय ते याईले खाल्ल्यावरच समजते."

"मंग बराबर हाय," मालक गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी फाटका पाइप काढायला लावला.

टर्बोच्या तोंडाचं माप घेऊन त्यांनी काउंटरवर तीन पाइप मांडले. पहिला निळा, माझ्याकडच्या पाइपासारखाच. "हा पान्याचा, रेडिएटरचा. टर्बोले लावला तं तेल पाझरते." दुसरा लाल, आतून तेल न लागणारा थर दिलेला. तिसरा काळा, त्यालाही तोच थर, पण भिंत जास्त जाड. वळण जुळतं का ते पाहायला फाटका पाइप शेजारी ठेवला. मालकांचा जीव लाल पाइपात अडकला होता. "बोनेट उघडलं की उठून दिसते."

"बोनेट उघडून मी कोणाले दाखवू?"

देठाजवळ फळ दाबून पाहावं तसे मी दोन्ही पाइप वळणावर अंगठ्यानं दाबून पाहिले. लाल जरा दबला. काळा घेतला.

"किती वर्षं टिकीन?" बायकोनं विचारलं.

"गाडी जाईन, वहिनी. पाइप राहीन."

पाइप तिथंच बसवून घेतला आणि बहिणीला फिरवायला नेलं. "आज गाडी शिट्टी वाजवून नाही राह्यली," ती बसल्या बसल्या म्हणाली. उतरताना तिनं बजावलं, "पुढच्या गुरुवारी मले फुलबाजारात नेजो." मी हो म्हटलं.

परतीला दर्यापूर ओलांडलं आणि पुढे पुन्हा ट्रॉली आली. रस्ता लांबवर रिकामा होता. मी पाय दाबला आणि गाडीनं अशी उसळी घेतली की पाठ सीटला टेकली. अगदी नवी होती तेव्हासारखी. ट्रॉलीच्या बरोबरीला येत होतो आणि माझा पाय आपोआप उचलला गेला. मागे आलो. पुन्हा काढली, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा काढलीच नाही. मला भीती वाटत होती. त्या ट्रकच्या आधीपासूनच वाटत असावी, पण तेव्हा पाइप फाटला होता, म्हणून त्या भीतीकडे पाहावं लागलं नव्हतं.

बायकोनं या खेपेला हँडल धरलं नव्हतं. "राहू द्या," ती हळूच म्हणाली. "आपल्याले कुठं घाई हाय?" ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"ओढते का आता?"

"मस्त ओढते."

"आणि ओव्हरटेक?"

बायको माझ्याकडे पाहत होती. "झालं की, काहून नाही होनार..." तिनं फोनकडे तोंड करून सुरुवात केली. मी हातानं थांबवलं.

"गाडी चांगली झाली. गिऱ्हाईक पाह्य," मी म्हणालो. "घेणाऱ्याले सांग, पाइप नवा हाय. आतून मोजून घेतला."

मग तो बराच वेळ हवापाण्याचंच बोलत राहिला.

गुरुवारी आम्ही बसनं गेलो. आधी फुलबाजारात उतरून झेंडू, शेवंती, गुलाब, जे दिसेल ते घेतलं आणि पिशवी बहिणीच्या खाटेवर रिकामी केली. नवी साडी नेसून ती केव्हाची तयार बसली होती. तिनं फुलांवर हात फिरवला आणि दाराबाहेर पाहत विचारलं, "गाडी कुठी लावली?"