जेवणघराचं छत पडलं तेव्हा

मंडळी, आत्ता कुठे फोन हातात घेतलाय.

चेन्नईत अंबत्तूरला मी छोटा वृद्धाश्रम चालवते. आज सकाळी आमच्या जेवणघराचं छत कोसळलं. आजी-आजोबा नुकतेच नाश्ता करून बाहेर गेले होते, म्हणून वाचले. अग्निशमन दलाने इमारत लगेच रिकामी करायला सांगितली. अठरा म्हातारी माणसं नेऊ कुठे? शहरातल्या सेवासंस्थांच्या आमच्या ग्रुपवर मी कसाबसा मेसेज टाकला.

पहिली व्हॅन अण्णा नगरच्या कल्याणीअक्कांची आली. त्यांचाही तिथे वृद्धाश्रम आहे, आणि त्या आम्हा संस्थांच्या संघटनेच्या अध्यक्ष. "इथे नुसत्या बैठका होतात," असं गेल्याच महिन्यात मी त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं होतं.

"अक्का, तुम्ही स्वतः?"

"भांडण नंतर. आधी औषधांच्या पिशव्या दे."

दुपारी सगळे त्यांच्या आश्रमात जेवले. तेव्हापासून मी एकच विचार करतेय. त्यांच्यावर ही वेळ आली असती, तर मी अशी तडक गेले असते? तुम्ही गेला असता?