टेस्टआधीचे दोन पफ

मंगळवारी चिंचवडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मिलिंदच्या रक्ताच्या रिपोर्टवर एका शब्दाखाली रेघ ओढली. सात महिन्यांनी मिलिंद गेला. तो माझा नवरा. चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या विभागात होता. मी काळेवाडीतल्या शाळेत ग्रंथपाल आहे.

तो शब्द होता इओसिनोफिल. ही रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एक जात. जंतांशी लढणं हे त्यांचं एक काम. ॲलर्जीच्या दम्यात मात्र त्या श्वासनळीच्या अस्तरात गोळा होतात. त्यांच्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी अस्तर सुजतं, चिकट कफ साठतो. वर्षभराचा खोकला आम्ही रंगात मिसळायच्या थिनरच्या वासावर ढकलत आलो होतो.

डॉक्टरांनी दम्याचे दोन पंप दिले, तोंडाने ओढायचे. "निळा, दम लागला तर. आवळलेली नळी तो तेवढ्यापुरती मोकळी करतो. सूज उतरवतो तो हा तपकिरी. रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटलं तरी."

"याची सवय लागते म्हणतात," मिलिंद म्हणाला.

"दात घासायचीही लागते," डॉक्टर म्हणाले.

निळ्याने पाच मिनिटांत छाती मोकळी होई. तपकिरीने काहीच जाणवत नसे.

चौथ्या महिन्यात कंपनीचं वार्षिक मेडिकल चेकअप आलं. त्यात स्पायरोमेट्री असते; नळीत जोरात फुंकायचं, हवा किती वेगाने बाहेर येते ते मशीन मोजतं. फुंक कमी पडली की पेंट शॉप सुटतं. मिलिंदचे पेंट शॉपमधले जोडीदार इरफानभाई, त्यांनाही दमा. त्यांनी फोनवर सांगितलं, "भावा, गेटवर निळ्याचे दोन पफ मार. मशीनच्या बापाला कळायचं न्हाई."

त्या सकाळी मिलिंद निळा पंप टेबलावर विसरला. मी जिना उतरून धावत गेले आणि त्याच्या खिशात घातला.

रिपोर्ट आला: फिट. त्याने तो फ्रिजवर लावला. "बघ, मशीनच म्हणतंय." ज्या मशीनला आम्ही फसवलं, त्याच्यावर आम्हीच विश्वास ठेवला.

तीन महिन्यांनी शिफ्टमध्ये त्याला दम लागला. इरफानभाईंचा फोन आला, "वहिनी, भोसरीच्या हॉस्पिटलात या. निळा चालेना झालाय."

आयसीयूच्या दाराबाहेर मी दोन दिवस होते. पहिल्याच तासात तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "रोजचा पंप घेत होते ना?"

"हो," मी म्हणाले.

कपडे आणायला घरी गेले तेव्हा तपकिरी पंपाच्या पाठीवरचा आकडा पाहिला. किती पफ उरले ते तिथे दिसतं. पंप दोनशेचा, मेडिकलच्या आठवड्यात आणलेला. आकडा होता १९६. परत जाऊन मी डॉक्टरांना खरं सांगितलं. "बरं केलंत," ते म्हणाले आणि आत गेले. दुसऱ्या सकाळी मिलिंद गेला.

मिलिंदला आदरांजली वाहायच्या कार्यक्रमाला, पुण्यानुमोदनाला, इरफानभाई आले. सगळे उठल्यावर मी तो पंप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा करून आकडा पाहिला.

"वहिनी, माझाबी असाच पडून हाय."

तुमच्या घरात दोन पंप असतील तर रोजचा कोणता ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. रंग वेगळेही असतील. मग त्याच्यावरचा आकडा स्वतः बघा. घेणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका. मीही मिलिंदला विचारत होते, आणि तो हो म्हणत होता.

यंदाच्या मेडिकलला इरफानभाईंनी पफ न मारता फुंकलं. अनफिट ठरले. आता ते स्टोअरला आहेत आणि तपकिरी पंप दोन्ही वेळा घेतात.

फ्रिजवरचा कागद मी काढला. मिलिंदचा पंप टेबलावर आहे. आकडा १९६.