सही सोडून सगळं देणारे नानासाहेब

"सदाशिवा, पत्राचं काय घेऊन बसलास? पत्र म्हणजे नुसता कागद. आधी मन खंबीर कर," असं म्हणून नानासाहेबांनी माझा कागद पेपरवेटखाली सारला. सही न करता. सलग तिसऱ्या वर्षी.

कागदावर दोन ओळी होत्या. सदाशिवने आमच्याकडे पाच वर्षांहून जास्त काळ वायरमन म्हणून काम केलं आहे, एवढंच. टाइपसुद्धा मीच करून आणलेलं. महिनाअखेर सुपरवायझरच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि कॉन्ट्रॅक्टरच्या सहीचं हे अनुभवाचं पत्र जोडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे.

यातलं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वायरमन तारा ओढतो, भिंती फोडतो, शिडीवर चढतो. त्या कामाखाली सही करायचा अधिकार सुपरवायझरला. सहीचा अधिकार मिळाला की पुढे स्वतःचं लायसन काढता येतं, दारावर स्वतःची पाटी लागते. मला ती पाटी हवी होती. त्यात देशसेवा वगैरे काही नव्हती. दुसऱ्याच्या पाटीखाली राबायचा मला कंटाळा आलेला.

नानासाहेब ठाण्यातले इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टर. स्वराज्य नुकतं आलेलं, ठाण्यापासून कल्याणपर्यंत घरांत आणि गिरण्यांत नवे मीटर बसत होते, कामाला तोटा नव्हता. आम्ही सहा वायरमन. दर सोमवारी सकाळी कामावर धाडण्याआधी नानासाहेब आम्हाला ओळीनं उभं करून बोलायचे. विषय ठरलेला. जिद्द, मनोबल, ध्येय. आम्ही पक्कड आणि पाने हातात धरून ऐकायचो, कारण ऐकल्याशिवाय कामाची चिठ्ठी मिळत नसे.

या मनोबलाच्या महामेरूनं माझ्या डोळ्यांदेखत चार वेळा चहा सोडला होता. दर वेळी बुधवारपर्यंत. पहाटे गार पाण्याची आंघोळ सुरू केलेली, ती पहिल्या शिंकेला थांबली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पहिल्या वर्षी पत्र मागितलं तेव्हा म्हणाले, "अजून कच्चा आहेस." दुसऱ्या वर्षी, "यंदा कामं फार आहेत, लक्ष विचलित होईल." तिसऱ्या वर्षी मन खंबीर करायची पाळी आली. मी डोंबिवलीला घरी येऊन मालतीला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"तुम्ही पास व्हाल हीच भीती आहे त्यांना," ती म्हणाली. "आजवर कधी बोलले का, नापास होशील म्हणून?"

"नाही."

"मग झालं तर. बसा अभ्यासाला."

परीक्षा इंग्रजीत. मी सातवी, ती मॅट्रिक. ती पुस्तकातलं वाक्य वाचून अर्थ सांगायची आणि त्यात वीज कुठून कुठं जाते ते मी तिला समजावायचो. तिला विजेतलं कळत नव्हतं, मला इंग्रजीतलं. तीन वर्षं असा आमचा संसार चालला. परीक्षेला बसायला मिळेल की नाही याचा पत्ता नसताना अभ्यास करणं फार वाईट असतं. कितीदा पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटलं. मालती ते उचलून आणायची आणि त्याच पानावर उघडायची.

त्याच महिन्यात कल्याणच्या एका भाताच्या गिरणीचं काम निघालं. तेलाचं इंजिन काढून विजेची मोटार बसवायची होती. मोटार आली की अर्थिंग आलं. मोटारीत बिघाड होऊन तिच्या लोखंडात करंट उतरला, तर तो माणसाच्या अंगातून न जाता तारेनं थेट जमिनीत जावा, यासाठी केलेली सोय म्हणजे अर्थिंग. खोल खड्डा खणायचा, त्यात लोखंडी पाइप पुरायचा आणि भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे. त्यानं जमीन ओल धरते. कोरडी जमीन करंट घेत नाही.

खड्डा आठ फूट हवा होता. चार फुटांवर खडक लागला. मी म्हटलं, जागा बदलू. नानासाहेब म्हणाले, "पुरे एवढा." मीठही दोनच पाट्या टाकलं. कळव्याच्या पलीकडे मिठागरं पसरलेली आणि हे मिठात काटकसर करणार! मी मेगर लावून पाहिला. मेगर म्हणजे हँडल फिरवून जोडणी तपासायची पेटी. काटा नको तिथं जाऊन बसला.

"सरकारी इन्स्पेक्टर तपासायला यायच्या आधी दहा घागरी पाणी ओत," नानासाहेब म्हणाले. "ओल्या जमिनीत काटा बरोबर येतो. सगळेच करतात."

"पण चार दिवसांत सुकेल की. आत बाया अनवाणी भात पसरतात, नानासाहेब."

"हे काम पास होऊ दे. दुसऱ्या दिवशी पत्रावर सही करतो. शब्द देतो."

मी पाणी ओतलं. कबूल करतो. पत्रासाठी ओतलं आणि ओतताना स्वतःची लाज वाटत होती. सातवी घागर रिकामी करत होतो आणि इन्स्पेक्टर ठरल्या वेळेच्या तासभर आधी येऊन मागे उभा राहिला. शिडशिडीत माणूस, डोक्यावर छत्री. मे महिन्याचं ऊन, सगळं अंगण फुफाट्याचं आणि मधोमध हा एवढा चिखल.

"अळू लावलंय का इथं?" त्यानं विचारलं.

नानासाहेब धावत आले. "साहेब, आमचा हा वायरमन जरा आगाऊ आहे. मला न विचारता करून बसतो. रिपोर्टवर नाव त्याचंच आहे, बघा." चोराच्या उलट्या बोंबा. हातात घागर घेऊन मी ऐकत राहिलो.

इन्स्पेक्टरनं टेस्ट केलीच नाही. मोटारीला सील ठोकलं आणि मला सोमवारी कचेरीत जबाब द्यायला बोलावलं. नानासाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सगळी चूक तुझीच म्हणून सांग. मग बघू पत्राचं." मला त्या माणसाची किळस आली. राग तर तीन वर्षं येतच होता.

सोमवारी गेलो. वायरमन म्हणून काम करायचं परमिट जाणार असं धरूनच गेलेलो. परमिट गेलं म्हणजे पाटी तर सोडाच, हातातली पक्कडही जाणार. इन्स्पेक्टरसमोर टेस्ट रिपोर्टांचा गठ्ठा होता. काम पुरं झालं की कॉन्ट्रॅक्टर इन्स्पेक्टरला जो कागद देतो तो टेस्ट रिपोर्ट. त्यात एक रकाना असतो, प्रत्यक्ष काम कोणी केलं. बाकीचे कॉन्ट्रॅक्टर तिथं 'आमची माणसं' लिहून मोकळे व्हायचे. नानासाहेब पक्के. उद्या कुठं काही जळलं तर मान वायरमनची अडकावी म्हणून ते दर वेळी वायरमनचं पूर्ण नाव आणि परमिट नंबर लिहायचे.

"हे सगळं तुझं काम?" इन्स्पेक्टरनं गठ्ठ्यावर हात ठेवला.

"हो, साहेब. हे माझं आणि परवाचा खड्डाही माझाच. पाणी ओतायला मालकांनी सांगितलं. नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही."

"का?"

मग मी सांगितलं. पत्राचं, तीन वर्षांचं, सगळं. सांगता सांगता माझी नजर त्या गठ्ठ्यावर गेली. सगळ्यात खालचा कागद सात वर्षांपूर्वीचा. प्रत्येकावर माझं नाव आणि खाली नानासाहेबांची लफ्फेदार सही.

"साहेब," मी म्हटलं, "पाच वर्षं काम केल्याचं मालकांच्या सहीनिशी पाहिजे ना? मग हे काय आहे?"

तो गठ्ठा चाळत राहिला. मग क्लार्कला हाक मारली. "नियमात पत्रच हवं असं आहे का हो?"

क्लार्कनं पुस्तक काढलं. "कॉन्ट्रॅक्टरच्या सहीचा पुरावा, असं आहे, साहेब."

"मग उतारे काढून द्या याला." माझ्याकडे वळून म्हणाला, "पाणी ओतल्याबद्दल परमिटवर ताकीद लिहिणार. आणि खड्डा तू स्वतः खणणार. आठ फूट. मी टेप घेऊन येईन."

खणला. दुसऱ्या जागी, दोन दिवस लागले. मीठ पोतंभर घातलं आणि गिरणीवाल्याला सांगून बिल नानासाहेबांच्या नावानं पाठवलं. टेस्टला काटा शहाण्यासारखा जागेवर आला. फॉर्म भरला त्याच दिवशी नानासाहेबांनी मला काढून टाकलं. विश्वासघातकी म्हणाले.

पहिल्या खेपेला मी थिअरीत नापास झालो. तेव्हा मात्र पुस्तक भिरकावलं नाही, कारण आता अडवणारं कोणी नव्हतं, कमी पडलो तो मीच. वर्षभर कल्याणला रोजावर कामं केली, मालतीपुढे पुन्हा पहिल्या पानापासून बसलो आणि दुसऱ्या खेपेला घोडं गंगेत न्हालं. डोंबिवलीत पाटी लावली. जुने सोबती सांगत, नानासाहेब सोमवारच्या भाषणात आता माझं उदाहरण देतात. म्हणतात, "मी हट्टानं पत्र अडवलं म्हणून त्याच्यात जिद्द आली, तो माझ्या हाताखाली घडला."

माझ्या हाताखाली पहिला वायरमन लागला तो पांडुरंग. पाच वर्षांनी तो टाइप केलेला कागद घेऊन समोर उभा राहिला. तो माझी गिऱ्हाइकं नेणार हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याला चार गोष्टी सांगाव्यात, अजून थोडा धीर धर म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. सगळे शब्द तयार होते, नानासाहेबांचेच. मी पेन काढलं आणि सही केली. दोन वर्षांत त्यानं माझी तीन गिऱ्हाइकं नेली.

तेव्हा मला कळलं ते एवढंच. आपल्याला कोणी मनोबलाचा उपदेश करू लागला, तर आधी त्याच्यापुढे कागद ठेवावा. सही केली तर उपदेश ऐकायला हरकत नाही. बहुतेक वेळा मग ऐकायची गरजच उरत नाही.