म्हातारीची आणखी तीन वर्षं

काय रुबाब होता त्या टर्नरचा! लेथ मशीनपुढे असा उभा राहायचा, जणू पडदा नुकताच वर गेलाय आणि पहिलं वाक्य त्याचंच आहे. त्या जुन्या मशीनला तो ‘म्हातारी’ म्हणायचा. तिचे आटे झिजलेले. हँडल फिरवलं तरी टूल जागचं हलायचं नाही. हा आधी उलटं फिरवून ढिलाई काढायचा, मग एका फेरीचं काम चार फेऱ्यांत ओढायचा. सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा. माल मात्र केसभरही चुकायचा नाही.

त्यात उजवा खांदा गेला. सदऱ्यात हात घालायलाही बायको लागायची.

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना? असंच ओढत राहिलात तर हा हात कायमचा जाईल. आज मालकांना सांगा, नाहीतर उद्यापासून उघडेच जा कामावर!"

त्या दिवशी मालकांबरोबर त्यांची इंजिनिअर मुलगी नवीन मशीन घ्यायचं की नाही, हे ठरवायलाच आली होती.

"काका, आजवर हिच्यावर किती पैसे घातले ते विसरा. गेले ते गेले. हिचा पुढच्या वर्षाचा खर्च नव्या मशीनच्या वार्षिक खर्चाच्या वर जात असेल, तरच बदलायचं. दुरुस्तीसाठी किती दिवस बंद असते?"

"बंद? माझ्या हातात?" सवयीने छाती फुगलीच.

"आणि खराब माल?"

"छे!"

मुलीने आकडे मांडले. "मग आणखी तीन वर्षं आरामात चालेल."

आरामात! टर्नरने आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगून टाकलं. जादा तास, चार फेऱ्या, खांदा.

मुलीची पेन्सिल थांबली. "बाबा, हे तास धरले तर मशीन आजच बदलावं लागेल."

"आपण त्याचे पैसे देतो का?" मालकांचा स्वर अगदी मऊ होता. "नाही ना? मग तो खर्च कसला?"

"मी मागितलेच नाहीत कधी," टर्नर पुटपुटला.

"तेच म्हणतो मी. घरचेच आहात तुम्ही. खांदा जरा शेकत जा."

मुलीने मांडलेले तास खोडले आणि कागदाची घडी घातली.

टर्नर मशीनपाशी परतला. डाव्या हाताने हँडल धरून पाहिलं. अंदाज चुकला, टूल खोल घुसलं, शाफ्ट वाया गेला. असे चार शाफ्ट मालकांना दाखवले असते, तर सगळा हिशेब फिरला असता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, तो शाफ्ट भंगाराच्या पेटीत पार तळाशी दडपला, आणि दात आवळून उजव्या हातानेच ओढायला लागला.